एकांगी वाटलेले चित्रपट आणि माहितीपट : तुमचे अनुभव लिहा

आडवाट

'हा माहितीपट एकांगी आहे' असं आपण हल्ली उठसूट म्हणतो. बरेचदा त्यामागे एवढंच असतं की तो आपल्याला पटलेला नसतो. पटलेल्या माहितीपटाला एकांगी म्हणणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे. म्हणून हा धागा काढते आहे.

नुसतं मत नको, अनुभव लिहा. चित्रपट किंवा माहितीपट बघताना नेमकं कुठे खटकलं? कोणत्या दृश्याला, कोणाच्या वाक्याला, कुठे सुरू झालेल्या संगीताला? की उलट झालं, बाजू उघड उघड घेतलेली असूनही पटलं आणि तुमचा विचार बदलला? कॅमेऱ्यामागे काम केलं असेल किंवा कधी कॅमेऱ्यासमोर बसला असाल, तर अवश्य लिहा. चालू राजकारणावरच्या चित्रपटांची खडाजंगी मात्र इथे नको. ती एकदा सुरू झाली की बाकीचे अनुभव वाहून जातात.

सुरुवात मी करते. कुणी बाजू घेतली म्हणून माझी तक्रार नसते. कॅमेरा कुठे तरी ठेवावाच लागतो, आणि ठेवला की त्याच्या पाठीमागचं दिसत नाही. सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांपैकी फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनी १८९५ साली आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. मिनिटभराचीही नसलेली ती फीत. तिच्या तीन आवृत्त्या आहेत: एकीत एका घोड्याची गाडी बाहेर येते, एकीत दोन घोड्यांची, तिसरीत गाडीच नाही. म्हणजे 'घडलं ते टिपलं' असं जिच्याबद्दल बिनधास्त म्हणावं, तिच्यासाठीसुद्धा कामगारांना पुन्हा पुन्हा फाटकाबाहेर यायला लावलं होतं. आणि कॅमेरा मालकाचा, म्हणून आपल्याला दिसतात ते सुटी झालेले कामगार. आत ते काय करत होते, कसे करत होते, ते दिसत नाही.

माझी खरी चीड आहे ती गुन्ह्यांवरच्या बहुभागी माहितीपटांवर. एका खटल्यावरची अशी मालिका मी आणि धाकटी बहीण मिळून बघत होतो. दर भागाच्या शेवटी संशयाची सुई नव्या माणसाकडे वळायची. संपल्यावर बहिणीने त्या खटल्याचं निकालपत्र शोधून वाचलं. शेवटच्या भागात 'धक्का' म्हणून आलेला पुरावा निकालपत्रात अगदी सुरुवातीला होता. करणाऱ्यांना तो पहिल्यापासून ठाऊक होता. तरीही इतके भाग एका जिवंत माणसावर, त्याच्या घरच्यांवर संशय लटकत ठेवला, कशासाठी, तर आम्ही पुढचा भाग लावावा म्हणून. कुठलीही बाजू न घेता केलेला हा प्रकार मला उघड प्रचारापेक्षा वाईट वाटतो.

आता तुम्ही लिहा.

ऐलपैल

मी संकलनाचं काम करतो, त्यामुळे माझा अनुभव टेबलाच्या या बाजूचा. ताई, तुम्ही निकालपत्राचं लिहिलंत, पण प्रत्येक प्रेक्षक तेवढं करू शकत नाही. पडद्यावरच काही खुणा असतात, त्या सांगतो.

मुलाखत तासभराची असते, वापरायची असते अर्धा मिनिट. त्यामुळे कापाकापी होणारच, त्यात पाप नाही. पण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर सरळ कापलं तर चित्र उडी मारतं. ती उडी झाकायला आम्ही मध्ये दुसरं काही तरी टाकतो: त्याचे हात, भिंतीवरचा फोटो, खिडकीबाहेरचा रस्ता, मान डोलावणारा मुलाखतकार. मान डोलावण्याचे हे शॉट बरेचदा मुलाखत संपल्यावर वेगळे घेतलेले असतात. एकच कॅमेरा असेल तर दुसरा मार्गच नसतो. तेव्हा आवाज चालू आहे पण ओठ दिसत नाहीत, अशी जागा आली की समजा, इथे जोड आहे. जोड म्हणजे लबाडी नव्हे. पण सगळ्यात वादग्रस्त वाक्याच्या बरोबर मध्यावर हात दिसायला लागले, तर मी कान टवकारतो. त्या वाक्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकाच श्वासातला आहे का, हे ऐकून कळतं. खोलीचा आवाज बदलतो, पट्टी किंचित वर-खाली होते.

शब्दाला हात न लावताही अर्थ बदलतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली शांतता दोन सेकंदांनी वाढवली की माणूस खोटं बोलतोय असं वाटतं. कमी केली की तो ठाम वाटतो. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं: नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्यापुढे कधी सुपाची वाटी, कधी शवपेटी जोडली, आणि बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. माझ्या कामात सगळ्यात जड जाणारा निर्णय हाच असतो, कोणाच्या वाक्यानंतर कोणाचा चेहरा दाखवायचा.

मात्र 'छेडछाड' हा शब्द सरसकट वापरू नका अशी विनंती. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपून काही क्षणांत दाखवली होती. काळ असा दाबल्याशिवाय ती वाढ डोळ्यांना कधी दिसलीच नसती.

दवबिंदू

धागा-लेखिकेचं पहिलं वाक्य फार नेमकं आहे, आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी १९८२ साली लेबनॉनमधल्या बैरूत इथे झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूने असलेल्या विद्यार्थ्यांना त्या बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या, आणि अरबांच्या बाजूने असलेल्यांना अरबविरोधी. फीत तीच. मानसशास्त्र शिकवताना मी हा प्रयोग नेहमी सांगते.

घरचा अनुभवही तसाच. एका संपावरचा माहितीपट बघून माझा भाऊ म्हणाला, 'मालकाला बोलायला कुठे दिलंय?' वहिनी म्हणाली, 'मालकच बोलतोय की सारखा.' दोघं घड्याळ लावून पुन्हा बघायला बसले. मालकाला वेळ जवळजवळ कामगारांइतकाच मिळाला होता. पण भावाचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर होतं. मालक प्रत्येक वेळी कार्यालयात, मोठ्या टेबलामागे, एकटा बसून बोलत होता. कामगार घरात, मुलाबाळांत. मिनिटं सारखी वाटून दिली म्हणून न्याय सारखा होत नाही.

रानवारा

निसर्गावरचे माहितीपट निःपक्ष असतात असं लोकांना वाटतं, कारण अस्वल काही कोणत्या पक्षाचं नसतं. मी ध्वनी-आरेखनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून आवाजाबद्दल लिहितो.

लांबून, मोठ्या भिंगाने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज माइकमध्ये येऊच शकत नाही. माइकला भिंगासारखं जवळ ओढता येत नाही. पडद्यावर ऐकू येणारी बर्फातली पावलं बहुतेक वेळा खोलीत बसून कॉर्नफ्लोरची पिशवी दाबून केलेली असतात. कोळ्याच्या पायांचा आवाज, मुंगीचा आवाज, सगळं तसंच. मला यात फसवणूक वाटत नाही, आवाज नसलेलं जंगल प्रेक्षकाला जास्त खोटं वाटेल.

फसवणूक कशाला म्हणायचं त्याचं उदाहरण 'व्हाइट वाइल्डरनेस' (१९५८). लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करतात, हा समज जगभर पक्का करण्यात या डिस्ने माहितीपटाचा मोठा वाटा आहे. त्याला ऑस्करही मिळालं. प्रत्यक्षात चित्रण झालं कॅनडातल्या अल्बर्टात, जिथे ते प्राणी मुळात नव्हतेच. बाहेरून आणले, बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर पळवून कळप भासवला, आणि शेवटी नदीत ढकलले. १९८२ मध्ये कॅनडाच्याच टीव्हीने हे उघडकीला आणलं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. त्यांच्या झुंडी स्थलांतर करतात, वाटेत पाणी ओलांडताना काही बुडतात, एवढंच. तरी आजही आंधळेपणाने मागे जाणाऱ्या माणसांना लोक लेमिंग म्हणतात.

या दोन टोकांच्या मधलं उदाहरण बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट'चं (२०११). ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचं गुहेतलं दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणी-उद्यानात, तयार केलेल्या गुहेत घेतलं होतं. रानातल्या खऱ्या गुहेत कॅमेरा घातला असता तर पिल्लांच्या जिवावर बेतलं असतं, हे कारण मला मनापासून मान्य आहे. त्यांच्या संकेतस्थळावर ही माहितीही होती. पण कार्यक्रमात आधीची-नंतरची दृश्यं रानातली आणि मधलं हे, एका ओघात आलं. निवेदनात एक वाक्य वाढवलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

सांजवात

बरेच दिवस लिहावं की नाही असं चाललं होतं. ऐलपैल यांचं वाचून लिहिते.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. अशा रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्यांवर एक माहितीपट झाला, त्यात आम्ही दोघी आहोत. करणाऱ्यांचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती. आईशी प्रेमाने वागली, वेळेवर आली, जाताना खोली आवरून गेली.

आमची ती खोली भरपूर उजेडाची आहे. आल्या आल्या त्यांनी पडदे ओढले आणि एकच दिवा आईच्या एका बाजूने लावला. म्हणाले, उजेड सारखा राहात नाही, म्हणून. असेल. पण पडद्यावर आमचं घर कोंदट, अंधारं दिसतं. मग मला आईची वेणी घालायला सांगितली. घातली. 'ताई, पुन्हा एकदा, जरा सावकाश,' म्हणाले. पुन्हा सोडून घातली. मी एरवी वेणी घालते ती भराभर, आईला मागे मान खेचलेली आवडत नाही, ती कुरकुरते आणि मी तिला चिडवते. सावकाश घातलेल्या वेणीत ती गप्प बसून राहिली, आणि तेच त्यांना हवं होतं असं मला आता वाटतं.

मुलाखत बराच वेळ चालली. मी थकव्याबद्दल बोलले, झोपेबद्दल बोलले, पैशांबद्दल बोलले. आईला माझं नाव आठवत नाही पण गाण्याच्या चाली कशा अचूक आठवतात, ती मधूनच कशी मिश्कील होते, डॉक्टरांनाच 'तुम्हाला बरं नाही का?' असं कसं विचारते, हेही सांगितलं. त्यांचा एक प्रश्न मात्र फिरून फिरून येत होता, 'कधी असं वाटतं का, की हे आता संपावं?' पहिल्यांदा मी म्हटलं, तसं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा विषय बदलला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा बांध फुटला आणि मी म्हणाले, 'हो, वाटतं कधी कधी.'

माहितीपटात प्रश्न नाही. आई शून्यात बघत बसलेली, अंधारी खोली, आणि मी आपणहून म्हणते, 'हो, वाटतं कधी कधी.' मग पियानो.

शब्द माझेच आहेत, त्यात खोटं काही नाही. पण ते मी कुणाला आपणहून सांगितले नव्हते, माझ्याकडून काढून घेतले होते. नातेवाइकांचे फोन आले. मावशी म्हणाली, इतकं जड झालं असेल तर आम्हाला सांगायचं होतंस. आईच्या गाण्याचा एकही सेकंद त्यात नाही. संमतीपत्रावर सही मुलाखतीच्या आधीच घेतली होती, त्यामुळे नंतर म्हणायला जागा नव्हती. त्या माहितीपटाला चांगली दाद मिळाली. बघून अनेकांना अशा रुग्णांच्या घरच्यांची कणव आली असेल, आणि ती मला नको आहे असं नाही. पण पडद्यावर दिसलं ते आमचं घर नव्हे.

पाऊलखूण

सांजवात ताई, वाचून कसंसंच झालं.

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. बाजू घेणाऱ्या माहितीपटाने एका माणसाला तुरुंगातून सोडवलं, हेही इथे नोंदलं जावं. एरॉल मॉरिस यांचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८). १९७६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे एका पोलिसाला गोळी घातली गेली. रँडल डेल अ‍ॅडम्सला दोषी ठरवून मृत्युदंड दिला, तो पुढे जन्मठेपेवर आला. मॉरिस मुळात गेले होते दुसऱ्याच विषयावर, अशा खटल्यांत वारंवार साक्ष देणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर माहितीपट करायला. त्या ओघात अ‍ॅडम्स भेटला आणि त्याच्या खटल्यात काही तरी गडबड आहे असं त्यांना वाटू लागलं. माहितीपट आल्यानंतर १९८९ मध्ये त्याची सुटका झाली.

मी तो कायद्याचा विद्यार्थी असताना पाहिला. त्यात गुन्ह्याचा प्रसंग नटांकडून करवून पुन्हा पुन्हा दाखवला आहे. पोलीस अधिकारी महिलेने फेकलेला मिल्कशेकचा पेला हवेतून सावकाश खाली येतो, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. अशा रचलेल्या दृश्यांमुळे त्याला माहितीपट म्हणायचं का यावर वाद झाला, ऑस्करसाठी नामांकनही मिळालं नाही. पण ती दृश्यं 'हे असं घडलं' म्हणून येत नाहीत. प्रत्येक साक्षीदार जे सांगतो ते चित्रित केलं आहे, आणि साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. गाडी कधी अशी, कधी तशी, आत कधी एक माणूस, कधी दोन. बघता बघता आपल्यालाच कळतं की हे सगळं खरं असू शकत नाही. मला उलटतपासणी कशी करतात हे तिथे पहिल्यांदा उमगलं.

म्हणून 'दोन्ही बाजू दाखवा' या मागणीबद्दल मी सावध असतो. एक बाजू सरकारी वकिलांची, न्यायालयाने मान्य केलेली, वर्तमानपत्रांत छापून आलेली. तिला आणखी निम्मा वेळ द्यायचा का? पुढे अ‍ॅडम्स आणि मॉरिस यांच्यात, अ‍ॅडम्सच्या आयुष्याच्या कहाणीवर हक्क कुणाचा, यावरून कायदेशीर तंटा झाला आणि तो आपसात मिटला. सुटका करणाऱ्यालाही समोरच्याची गोष्ट आपली वाटू लागते. सांजवात ताईंचं वाचताना ते आठवलं.

गुलबक्षी

मी आहारतज्ज्ञ आहे. आमच्याकडे माहितीपट बघून आलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो प्रश्न विचारत नाही, निर्णय सांगतो. एका बाईंनी असाच एक माहितीपट बघून मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. त्यातल्या डॉक्टरांनी तसं कुठेही सांगितलेलं नव्हतं, मी मुद्दाम बघितला. पण त्यात गोळ्यांच्या ढिगाऱ्यावर जे संगीत होतं, ते एखाद्या भयपटाला शोभलं असतं.

'सुपर साइझ मी' (२००४) अनेकांनी पाहिला असेल. त्याचा दिग्दर्शक मॉर्गन स्परलॉक स्वतः तीस दिवस फक्त मॅकडोनाल्ड्सचं खातो आणि त्याचं यकृत बिघडलेलं बघून डॉक्टर चकित होतात. २०१७ मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं की तेराव्या वर्षापासून आपण सतत दारू पीत आलो आहोत. माहितीपटात मात्र डॉक्टर विचारतात तेव्हा तो आपण दारू पीत नाही असं सांगतो. यकृताचा प्रश्न चाललेला असताना ही गोष्ट लपली, म्हणजे अहवालाला अर्थच राहिला नाही. ते खाणं रोज खाऊ नये हे माझंही म्हणणं आहे. म्हणूनच मला राग येतो. बरोबर मुद्दा असा मांडला की पुढे आम्ही कितीही समजावलं तरी ऐकणारा म्हणतो, 'ते सगळं खोटं निघालं ना?'

चाकोरी

वयाने इथे सगळ्यांत थोरला असेन. आमच्या काळी मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्ताचित्रं आणि अनुबोधपट लागत. ही संस्था १९४८ची, आणि तिचे लघुपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. भारदस्त आवाजातलं निवेदन, धरण, कारखाना, उद्घाटन. कुणी त्याला एकांगी म्हणत नसे, कारण दुसरं काही बघायलाच मिळत नसे. लोक ती संपेपर्यंत बाहेर उभे राहात.

पण त्याच सरकारी संस्थेतून एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली, विशीतली मुलं-मुली त्यात देशाबद्दल काय वाटतं ते बोलतात, निराशाही बोलून दाखवतात. निवेदकाचा आवाज त्यांच्या बोलण्यावर चढत नाही. पैसा कुणाचा यावरून सगळं ठरत असतं, तर तो झालाच नसता. आजच्या तरुण मंडळींना माझा आग्रह आहे, तो बघा.

पैलतीर

इतिहासाची विद्यार्थिनी. माझं छोटंसं.

फ्रेंच दिग्दर्शक आलाँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' (१९५६), नाझी छळछावण्यांवरचा जेमतेम अर्ध्या तासाचा माहितीपट. त्यात एक छायाचित्र आहे: फ्रान्समधल्या पिथिव्हिये इथल्या छावणीवर नजर ठेवणारा पहारेकरी. त्याच्या डोक्यावरची टोपी फ्रेंच पोलिसाची. फ्रेंच परीक्षण मंडळाने हरकत घेतली, आणि त्या टोपीवर रंगाचा पट्टा ओढून ती झाकावी लागली. एवढ्या भीषण गोष्टी दाखवायला परवानगी मिळाली, फक्त 'आपलाही माणूस तिथे होता' हे दाखवायला नाही. पुढच्या काळात मूळ चित्र परत आलं. शिक्षकांनी वर्गात दोन्ही चौकटी शेजारी शेजारी लावल्या तेव्हा मी आधी त्या माणसाकडे पाहिलंच नव्हतं हे लक्षात आलं. तेव्हापासून मी चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे आधी बघते.

मोकळीवाट

मी चाकाच्या खुर्चीवरून वावरतो. आमच्यावरच्या 'प्रेरणादायी' माहितीपटांबद्दल बोलायचं आहे. त्यांना कुणी एकांगी म्हणत नाही, कारण ते आमचं कौतुक करतात.

खुर्चीचं चाक पडद्यावर आलं की सुरावट सुरू होते. चाकाचा क्लोजअप, मग हाताचा, मग अगदी शेवटी चेहरा. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो, म्हणून मी कायम वरून दिसतो. माझ्यासारखा माणूस त्यात दात घासतो, शर्टाची बटणं लावतो, आणि निवेदक भारावतो. तो नोकरीत कोणत्या हुद्द्यावर आहे, बायकोशी कशावरून भांडतो, कुणाला मत देतो, कामात चुकारपणा करतो का, यातलं काही येत नाही. पायरी ज्याने बांधली त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मी पायरी चढलो, एवढीच गोष्ट.

या खोडीची मुळं फार जुनी आहेत. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) हा पहिल्या मोठ्या माहितीपटांपैकी एक. नानूक म्हणजे त्यातला इनुइट, उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातला शिकारी; त्याचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक. त्याच्याकडे बंदूक होती, पण शिकार भाल्याने करायला लावली. ग्रामोफोनची तबकडी तो नवलाने चावून बघतो असं दाखवलं, ग्रामोफोन त्याला माहीत असूनही. आतला उजेड पुरेना म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधलं, आणि अर्ध्या उघड्या घरात कुटुंब झोपल्याचा अभिनय करून घेतला. आपल्याच काळात जगणाऱ्या माणसाला उचलून मागच्या काळात नेऊन ठेवलं, कारण बघणाऱ्याला तो तिथे बघायला आवडतो. त्यात माया आहे हे मला दिसतं. फ्लॅहर्टींना ती माणसं आवडत होती. पण मायेने केलेल्या खोट्याला उत्तर देणं फार अवघड जातं. तक्रार केली की लोक म्हणतात, 'अहो, त्यांनी तुमचं किती चांगलं दाखवलंय!'

पाऊलखूण, तुमचा मुद्दा मान्य. मला दोन्ही बाजू नको आहेत. माझी एक बाजू नीट दाखवली तरी पुरे.

ऐलपैल

मोकळीवाट, कॅमेऱ्याच्या उंचीचं वाचून आमच्या छायाचित्रकाराला पाठवलं.

एक भर घालतो. २०२१ मध्ये दिवंगत अमेरिकन शेफ आणि टीव्ही-निवेदक अँथनी बूर्देन यांच्यावरच्या 'रोडरनर'मध्ये त्यांनी मित्राला लिहिलेल्या ईमेलमधले शब्द त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. ते वाक्य त्यांनी कधी उच्चारलेलं नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज तयार केला होता, आणि पडद्यावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शकाने मुलाखतीत सांगितलं म्हणून कळलं. शब्द त्यांचेच होते ना, असं काही जण म्हणाले. मित्राला लिहिलेले शब्द आणि जगाला ऐकवलेले शब्द यांत मला फार अंतर वाटतं. मी वर खोलीचा आवाज ऐका म्हणालो, ती युक्तीही इथे चालणार नाही. त्यामुळे निवेदनात किंवा पाटीवर स्पष्ट सांगणं हे बंधनकारकच व्हायला हवं, असं माझं ठाम मत झालं आहे.

दवबिंदू

आणि चित्रपटांचं काय? 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीवर कुणीच लिहिलं नाही. माझ्यापुरतं सांगते: बाजू कुणाची हे स्पष्ट असूनही ज्याचा मला सगळ्यात आदर वाटतो तो चित्रपट म्हणजे 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (१९६६). अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते सादी यासेफ यांनीच निर्मितीत भाग घेतला आणि त्यात कामही केलं. बाजू यापेक्षा उघड काय असणार? चित्रण इतकं वार्तापटासारखं की अमेरिकेत दाखवताना 'यात वार्तापटाचा एक फूटही वापरलेला नाही' असं सांगावं लागलं. पण बाई कॅफेत बॉम्ब ठेवायला जाते तेव्हा कॅमेरा तिथल्या माणसांकडे वळतो. एक लहान मूल आइस्क्रीम खातंय. थोड्या वेळाने ती सगळी मरणार आहेत, हे तिलाही माहीत आहे आणि आपल्यालाही. ते चेहरे गाळणं सहज शक्य होतं. ते गाळले नाहीत, म्हणून बाकीच्या चित्रपटावर माझा विश्वास बसतो.

आडवाट

सगळ्यांचे आभार. सांजवात ताई, अवघड वाटलं तर उत्तर देऊ नका, पण विचारावंसं वाटतं: पुन्हा कुणी आलं तर बसाल का कॅमेऱ्यासमोर?

सांजवात

बसेन. खरं तर एका मुलीने विचारलंही आहे, ती याच विषयावर शिकतेय. तिला मी चार अटी लिहून पाठवल्या. संमतीपत्रावर सही चित्रण झाल्यावर करीन, आधी नाही. माझं उत्तर वापरलं तर तिचा प्रश्नही ऐकू आला पाहिजे. पडदे उघडे राहतील, उजेड बदलला तर बदलू दे. आणि आई गाईल तेव्हा कॅमेरा बंद करायचा नाही, ती सुराला चुकली तरी.

तिने पहिल्या, तिसऱ्या आणि चौथीला लगेच होकार दिला. दुसरीबद्दल तिचं म्हणणं आहे की प्रत्येक ठिकाणी प्रश्न ठेवला तर माहितीपट पुढे सरकणार नाही. मी तिला ऐलपैल यांचा प्रतिसाद वाचायला पाठवला आहे. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.